आकाशातली भावंडे

हिवाळ्याच्या रात्री कृत्तिकांचा पुंजका लहान मुलालाही दाखवता येतो. नुसत्या डोळ्यांना त्यात सहासात तारे दिसतात, दुर्बिणीतून शेकडो. पण हे तारे खरोखरच एकमेकांजवळ आहेत, की एका रेषेत आल्यामुळे तसे भासतात? याचा निवाडा त्यांच्या गतीवरून होतो.

तारा आडवा किती सरकला, हे वर्षानुवर्षे त्याची जागा मोजून कळते. तो आपल्याकडे येतो की दूर जातो, हे त्याच्या वर्णपटातील रेषा सांगतात. कृत्तिकांचे तारे एकाच दिशेने, जवळजवळ एकाच वेगाने चालले आहेत. म्हणजे ती सख्खी भावंडेच! त्यांचे वय सुमारे १० कोटी वर्षे. आपल्या सूर्याचे ४६० कोटी.

मग तारे जन्मतात कसे? मृगनक्षत्रात बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला एक धूसर ठिपका दिसतो. तो तेजोमेघ म्हणजे ताऱ्यांचे बाळंतघर. वायू आणि धूळ यांचा थंड, प्रचंड ढग स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने जागोजाग आकसतो. आकसलेले गोळे तापतात, प्रकाशू लागतात. पुढे गाभ्यात हायड्रोजनचे हेलियम होऊ लागले, की तारा पुरता सिद्ध झाला.

मात्र ढगातला थोडाच वायू ताऱ्यांच्या कामी येतो. उरलेला वायू मोठ्या, तप्त ताऱ्यांच्या प्रकाशाने व झोतांनी उधळला जातो. तारे एकत्र राहतात ते बरेचसे त्या वायूच्या ओढीने. ती सरली, की पेंढीचा बंध सुटावा तसे ते पांगू लागतात.

तरुण तारकासमूह पसरत असावेत, असे सोव्हिएत ज्योतिर्विद अंबार्त्सुमियन यांनी १९४७ साली मांडले होते. २०१३ साली युरोपने सोडलेल्या गाया यानाने ताऱ्यांच्या गती फार बारकाईने मोजल्या. त्यांवरून २०१९ साली २८ तरुण समूह तपासले, तेव्हा निदान पाऊण हिस्सा पसरत असल्याचे आढळले. वेग साधारण सेकंदाला अर्धा किलोमीटर.

सप्तर्षींतही हेच दिसते. मधले पाच ऋषी एकाच वाटेने चालले आहेत. दोन टोकांचे क्रतू आणि मरीची मात्र परके. आपला सूर्यही बहुधा अशाच एखाद्या समूहात जन्मला. त्याची भावंडे केव्हाच आकाशगंगेत विखुरली. शिक्षकांनी मुलांना सप्तर्षी दाखवताना एवढे जरूर सांगावे, की स्थिर दिसणारे हे आकाश सतत चालते आहे. आणि त्या चालीतच त्याचा इतिहास लिहिलेला आहे.