विश्लेषण : अणुकचऱ्याची सुरक्षित विल्हेवाट इतकी कठीण का?

जर्मनीतील आसे-२ या जुन्या मिठाच्या खाणीत १९६७ ते १९७८ या काळात कमी आणि मध्यम तीव्रतेच्या अणुकचऱ्याची सुमारे सव्वा लाख पिंपे ठेवण्यात आली. मिठाच्या थरात कचरा कायमचा सुरक्षित राहील, असा विश्वास होता. मात्र, खाणीत पाणी झिरपू लागले आणि काही दशकांतच ती पिंपे पुन्हा बाहेर काढण्याचा निर्णय घ्यावा लागला.

हा कचरा नष्ट का करता येत नाही?

कचरा जाळला तरी राखेत किरणोत्सार उरतो. रासायनिक प्रक्रियेनेही तो संपत नाही. तो काळानुसारच ओसरतो. सीझियम-१३७ चे प्रमाण निम्मे व्हायला सुमारे ३० वर्षे लागतात, तर प्लुटोनियम-२३९ ला सुमारे २४ हजार वर्षे. एवढा काळ टिकलेली एकही इमारत किंवा राजवट माणसाला ठाऊक नाही.

भारतात काय केले जाते?

अणुभट्टीतून काढलेले इंधन उष्णता देतच राहते. त्यामुळे ते आधी काही वर्षे पाण्याच्या तलावात थंड करतात. नंतर पुनर्प्रक्रियेत युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळे काढले जाते. उरलेला अतितीव्र कचरा वितळलेल्या काचेत मिसळून पोलादी डब्यांत बंद करतात. पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे अशी सुविधा आहे. मात्र, ही साठवण आहे, अखेरची विल्हेवाट नव्हे.

मग कायमचा उपाय कोणता?

पाणी हा मुख्य शत्रू. ते डबे गंजवते आणि किरणोत्सारी द्रव्ये भूजलात नेऊ शकते. म्हणूनच फिनलंडने ओल्किलुओटो बेटावर ४०० मीटरहून खोल, सुमारे १९० कोटी वर्षे जुन्या खडकात ‘ओंकालो’ हे भांडार खोदले. तिथे इंधन तांब्याच्या जाड डब्यांत ठेवून भोवती बेंटोनाइट माती भरण्याची योजना आहे. ही माती ओल लागताच फुगते आणि फटी बुजवते.

इतर देशांची अडचण काय?

तंत्राइतकीच लोकांची संमती महत्त्वाची. ओंकालोला आधी स्थानिक नगरपालिकेने आणि २००१ मध्ये संसदेने मान्यता दिली. अमेरिकेत १९८७ मध्ये नेवाडातील युक्का पर्वत निवडला गेला. पण राज्याच्या विरोधामुळे प्रकल्प रखडला. परिणामी, तिथले वापरलेले इंधन मुख्यतः अणुवीज केंद्रांच्या आवारातच पडून आहे.