पडदा येण्याआधीची चर्चा
प्रेक्षकांनी नुसते पाहायचे नाही, बोलायचेही, ही रीत आपल्याकडे टीव्हीच्या आधी रेडिओने रुजवली. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळे चालवली. आठवड्यातून दोनदा अर्धा तास कार्यक्रम ऐकायचा, लगेच त्यावर चर्चा करायची आणि शंका केंद्राला कळवायच्या. निवडक प्रश्नांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांत दिली जात. गावकऱ्याच्या प्रश्नाला कार्यक्रमातच जागा मिळाली, हे या प्रयोगाचे खरे मोठेपण. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत दूरचित्रवाणी सुरू झाली, तेव्हा सामुदायिक संचांभोवती जमणाऱ्या टेलिक्लबांनीही हीच वाट धरली. मंत्र्यांना नागरिकांच्या प्रश्नांसमोर बसवणारा दूरदर्शनचा ‘जनवाणी’ मात्र १९८५ मध्ये आला.