गल्लीतला आवाज गल्लीबाहेर जातो तेव्हा

दुपारची वेळ. मुलाच्या खोलीचं दार बंद. आतून एकच ठेका पुन्हापुन्हा ऐकू येतोय आणि त्यावर कोणीतरी भराभर पुटपुटतंय. तुम्ही दार ढकलता, तर चिरंजीव गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर यमकं जुळवत बसलेले. तुमच्या तोंडून आपसूक निघतं, ‘‘हे कसलं गाणं? आणि हे खूळ किती दिवस चालणार आहे?’’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तो देईल, कदाचित जरा तोंड वेंगाडून. दुसरा प्रश्न मात्र तुम्ही नकळत अगदी नेमका विचारला आहे. कारण रॅप आणि हिपहॉपचा इतिहास म्हणजे भरती-ओहोटीचाच इतिहास. एखाद्या वस्तीत आवाज उठतो, गाजतो आणि ओसरतो. आता संपलं असं वाटत असतानाच तो दुसऱ्या गावात, दुसऱ्या भाषेत उठतो. हे चक्र समजून घेतलंत तर मुलाशी भांडण्याऐवजी बोलायला विषय मिळेल.

बहिणीच्या पार्टीतून सुरुवात

11 ऑगस्ट, 1973. न्यूयॉर्कमधला ब्राँक्स हा भाग. मधूनच काढलेल्या महामार्गाने वस्त्या दुभंगलेल्या, अनेक इमारती ओस पडलेल्या. तिथल्या सिंडी कॅम्पबेल या मुलीला शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायचे होते. तिने आपल्या इमारतीच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली. प्रवेश फी मुलींना 25 सेंट, मुलांना 50 सेंट. गाणी वाजवायला तिचा जमैकात जन्मलेला भाऊ, डीजे कूल हर्क.

हर्कच्या लक्षात आलं होतं, की गाण्यातला फक्त तालाचा तुकडा आला की पोरं जास्त नाचतात. म्हणून तो एकाच गाण्याच्या 2 तबकड्या 2 यंत्रांवर लावून तो तुकडा लांबवायचा. त्या लांबलेल्या ठेक्यावर बोलणं सुरू झालं आणि त्यातून रॅप वाढला. महागडं वाद्य नाही, संगीताचा क्लास नाही. जे घरात होतं, त्यावरच भागवलेलं.

पण 1979 साली रॅपचं जे पहिलं मोठं हिट गाणं आलं, ते गाणारे तिघेजण ब्राँक्सच्या त्या वर्तुळातले नावाजलेले रॅपर नव्हतेच. शेजारच्या न्यूजर्सीत त्यांना एकत्र आणून गाणं रेकॉर्ड केलं गेलं होतं. चूल एकाने पेटवावी आणि पोळी दुसऱ्याने भाजावी, हे या कलेत अगदी सुरुवातीपासून चालत आलंय.

ज्यांची हुर्यो उडवली, तेच पुढे गेले

1980 च्या दशकाच्या शेवटी लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनची पोरं गाजू लागली आणि न्यूयॉर्कची मक्तेदारी संपली. 1995 साली न्यूयॉर्कच्या एका पुरस्कार सोहळ्यात अटलांटा या दक्षिणेकडच्या शहरातल्या आउटकास्ट या जोडीला बक्षीस मिळालं, तेव्हा प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. गावंढळांना काय कळतंय, असा सूर. त्याच जोडीने 2004 साली वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार जिंकला आणि पुढे अटलांटा हेच रॅपचं मुख्य केंद्र बनलं.

ह्यूस्टन शहराची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. तिथे डीजे स्क्रू नावाचा तरुण गाणी मुद्दाम संथ करून कॅसेटवर भरायचा आणि घरूनच विकायचा. 2000 साली तो गेला. 2005 च्या सुमारास त्याच्या शहरातल्या रॅपर्सना देशभर मागणी आली, काही वर्षांत ती ओसरलीही. पण संथ केलेला तो आवाज आज जगभरच्या गाण्यांत ऐकू येतो. लाट गेली, पाणी मात्र जमिनीत मुरलं.

कुर्ला ते पडदा

आता आपल्याकडे या. 2014 मध्ये मुंबईतल्या कुर्ल्याच्या नेझी या तरुणाने आयपॅडवर ‘आफत’चा व्हिडिओ तयार केला. 2015 मध्ये अंधेरीच्या जे. बी. नगरचा डिव्हाइन आणि नेझी यांचं ‘मेरे गली में’ आलं. त्याआधी हिंदीत रॅप नव्हता असं नाही. बाबा सेहगलचं ‘ठंडा ठंडा पानी’ 1992 मध्येच घराघरात वाजत होतं. नवीन होती ती भाषा. नाक्यावर जशी बोलतात तशी, हिंदी-मराठी-इंग्रजीची मुंबईय्या मिसळ. धारावीतही पोरांचे गट उभे राहिले.

14 फेब्रुवारी, 2019 ला झोया अख्तरचा ‘गली बॉय’ प्रदर्शित झाला. त्याला 13 फिल्मफेअर पुरस्कार मिळाले, भारताकडून तो ऑस्करसाठीही गेला. त्याच वर्षी टीव्हीवर रॅपची स्पर्धा सुरू झाली. जाहिरातींत साबणापासून मोबाइलपर्यंत सगळेच रॅप करू लागले.

आणि इथेच ओहोटीची सुरुवात झाली. जो तो ‘गली’ हाच शब्द घोळवू लागला. ज्यांनी कधी चाळ पाहिली नाही, तेही चाळीचं दुःख गाऊ लागले. ज्यांचं नाव झालं ते स्टुडिओत गेले. मग 2020 मध्ये कोरोना आला आणि गोल करून उभं राहायचं, एकमेकांचं ऐकायचं, तेच बंद झालं.

लाट ओसरण्याची कारणं सगळीकडे साधारण हीच असतात. नक्कल वाढते, जमण्याची जागा जाते आणि पहिल्या फळीतली माणसं पांगतात. त्यात पैसा वाईट नसतो, पण तो बहुधा जे आधी चाललंय तेच पुन्हा मागतो.

केंद्र सरकलं, आवाज नाही

मुंबईची ती लाट मंदावली म्हणून रॅप थांबला का? पुण्याच्या ताडीवाला रोड भागातला एमसी स्टॅन फेब्रुवारी, 2023 मध्ये ‘बिग बॉस’ जिंकला. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर मराठीत रॅप करतो आणि विदर्भाबाहेरची पोरंही ते ऐकतात. 2022 मध्ये टीव्हीवरची ती स्पर्धा हरयाणवी बोलीत गाणाऱ्या एमसी स्क्वेअरने जिंकली. 2021 मध्ये तामिळ रॅपर अरिवूचा सहभाग असलेलं ‘एन्जॉय एन्जामी’ देशभर वाजलं, तर 2024 मध्ये केरळात जन्मलेल्या, बंगळुरूच्या हनुमानकाइंडचं ‘बिग डॉग्ज’ अमेरिकेच्या मुख्य यादीत पोहोचलं.

मुंबईतही जे स्वतःच्या मातीला धरून राहिले ते टिकले. ‘स्वदेसी’ या गटाने 2019 मध्ये आरेच्या जंगलासाठी आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासोबत ‘वारली रिव्होल्ट’ केलं. याच गटातला एमसी तोडफोड गुजरातीत रॅप करायचा. मार्च, 2022 मध्ये तो अगदी तरुण वयात गेला, पण मुंबईच्या रॅपमध्ये गुजरातीलाही जागा आहे हे तो दाखवून गेला.

आपल्याला हे परकं वाटायचं तसं कारण नाही. डफावर थाप मारून जनतेचं गाऱ्हाणं मांडणारे शाहीर आपलेच. कलगी-तुऱ्याच्या फडात रात्रभर सवाल-जवाब रंगायचे, हजरजबाबीपणावर हारजीत ठरायची. आजची पोरं गोल करून एकमेकांना शब्दांत अडकवतात, ते काही फार वेगळं नाही. अण्णाभाऊ साठे आणि वामनदादा कर्डक यांची गाणी मुलाला एकदा ऐकवून बघा. कदाचित तोच तुम्हाला त्यातला ठेका समजावून सांगेल.

तुम्ही काय करू शकता?

आधी ऐका : ‘बंद कर ते’ म्हणण्याआधी त्याने लिहिलेलं एक गाणं पूर्ण ऐका. चाल आवडली नाही तरी चालेल, पण त्यात तो काय सांगतोय ते बघा. जे जेवणाच्या टेबलावर बोललं जात नाही, ते कधीकधी वहीच्या मागच्या पानावर असतं.

शिव्यांवर स्पष्ट बोला : शिव्या आणि बायकांबद्दल हीन शब्द हा या संगीताचा खरा दोष आहे. डोळेझाक करू नका, पण सरसकट बंदीही घालू नका. ‘‘ही ओळ तू आजीसमोर म्हणशील का? नसशील तर का नाही?’’ एवढं विचारा. राग खरा असेल तर त्याला शिवीपेक्षा चांगला शब्द सापडतो.

घरची भाषा द्या : तुम्ही इंदूर, बडोदा किंवा हैदराबादला राहत असाल, तर मुलाचं मराठी घरापुरतंच उरलं असेल. त्याला आजीच्या म्हणी सांगा, गावाकडचे शब्द सांगा. दुसऱ्या शहराची नक्कल करणारे मागे पडतात, स्वतःच्या घरचं बोलणारे लक्षात राहतात.

सहीची घाई नको : व्हिडिओ जरा चालला की करार घेऊन कोणीतरी येतंच. 18 वर्षांखालच्या मुलाने केलेला करार कायद्याने ग्राह्य नसतो, म्हणून सही तुमची मागतील. गाण्याचे हक्क कोणाकडे आणि किती वर्षं, हे वकिलाकडून वाचून घ्या. 2012 च्या कायदादुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीचा हक्क आहे. त्यासाठी आयपीआरएस या संस्थेचं सभासद होता येतं.

दुसरं पाऊलही तयार ठेवा : लाट ओसरते हे त्याला आधीच सांगा, धमकी म्हणून नाही, माहिती म्हणून. रेकॉर्डिंग, ध्वनी संपादन, लेखन ही कौशल्यं लाट गेल्यावरही उपयोगी पडतात. शिक्षण सोडून नाही, शिक्षणासोबत.

मग ‘हे खूळ किती दिवस?’ याचं उत्तर काय? कदाचित 6 महिने, कदाचित आयुष्यभर. दोन्हीत नुकसान नाही, जर या काळात तो स्वतःचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत मांडायला शिकला. ब्राँक्सच्या त्या पार्टीत मोठ्यांनी हॉलचं दार बंद केलं असतं तर?

पुढच्या वेळी दार ढकलाल तेव्हा थोडं थांबा. आत जाऊन पलंगाच्या कडेवर बसा आणि म्हणा, ‘‘म्हण बघू पुन्हा, पण जरा सावकाश. मला शब्द कळू देत.’’