किनाऱ्यावरची कुत्री, आपली मुले आणि सेवाभावी संस्था

आपल्या संघटनेच्या स्मरणिकेसाठी ‘डॉक्टर आणि स्थानिक सेवाभावी संस्था’ या विषयावर लिहावे असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा आरोग्य शिबिरे, रक्तदान, गरीब विद्यार्थ्यांना वह्यावाटप असे काहीतरी असावे. मी मात्र कुत्र्यांविषयी लिहिणार आहे. बालरोगतज्ज्ञाने पशुवैद्यकाच्या प्रांतात शिरावे हे काहींना खटकेल. परंतु पेडणे तालुक्याच्या किनाऱ्यावर पंचवीस वर्षे मुले तपासल्यानंतर माझ्या मनात हे दोन प्रांत वेगळे राहिलेले नाहीत.

हरमलचा किनारा जगाच्या नकाशावर आहे. हंगामात शॅकच्या आसऱ्याने कुत्र्यांचे कळप पोसले जातात, देशोदेशीचे पर्यटक त्यांना प्रेमाने खाऊ घालतात. पावसाळ्यात शॅक मोडले की तीच कुत्री उपाशी पोटी गावात शिरतात. त्यानंतरच्या आठवड्यांत माझ्या दवाखान्यात चावा घेतलेली मुले वाढतात, हे मी दरवर्षी पाहतो. मूल उंचीने लहान असल्यामुळे त्याला चेहऱ्यावर, डोक्यावर, मानेवर चावा बसण्याचा संभव प्रौढापेक्षा अधिक, आणि मेंदूच्या जितके जवळ तितका धोका मोठा. शिवाय मूल पुष्कळदा सांगतच नाही. कुत्र्याची शेपटी ओढल्याबद्दल घरी मार बसेल, या भीतीने ते जखम बाहीखाली लपवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार संशयित पिसाळलेल्या जनावरांनी चावलेल्यांपैकी सुमारे 40 टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की आपल्या हाती जवळजवळ काहीच उरत नाही, हे येथे डॉक्टर वाचकांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही.

या रोगावरील लसीचा इतिहासही एका मुलापासूनच सुरू होतो. 6 जुलै 1885 रोजी लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस दिली आणि तो वाचला. त्यानंतर आपल्या देशात मेंढीच्या मेंदूपासून तयार केलेली सेम्पल लस कित्येक दशके वापरली गेली. पोटात टोचण्याची ती वेदनादायक मालिका 2004 च्या अखेरीस बंद झाली. परंतु लस गेली तरी तिची दहशत गेली नाही. अजूनही एखादी आजी नातवाला घेऊन येते आणि खुर्चीत बसण्यापूर्वीच विचारते, “दोतोर, पोटांत चवदा इंजेक्शनां मारतले?” दंडात किंवा त्वचेत मोजकीच इंजेक्शने द्यायची आहेत, हे तिला समजावून सांगितल्यावर तिचा चेहरा खुलतो. पण याच भीतीपोटी जी आजी दवाखान्यात येतच नाही, जखमेवर चुना किंवा तिखट लावून मोकळी होते, तिच्यापर्यंत मी दवाखान्यात बसून पोहोचू शकत नाही. सेवाभावी संस्थेची गरज नेमकी या ठिकाणी सुरू होते.

दुसरी मर्यादा याहून मोठी आहे. मी एका मुलाला लस देतो, इम्युनोग्लोब्युलिन जखमेत भरतो, ते मूल वाचते. परंतु त्याला चावलेला कुत्रा त्याच वाड्यावर फिरत असतो. रोगाचे मूळ कुत्र्यात आहे आणि आपण मात्र फांदीवर औषध फवारत राहतो. हे मूळ गोव्यात ज्या संस्थेने धरले तिचे नाव मिशन रेबीज. वर्ल्डवाइड व्हेटरिनरी सर्व्हिस या ब्रिटिश पशुवैद्यकीय धर्मादाय संस्थेने 2013 मध्ये हा उपक्रम भारतात सुरू केला आणि पुढे गोवा सरकारच्या पशुसंवर्धन खात्याला सोबत घेऊन सारे राज्य कार्यक्षेत्रात आणले. संस्था विलायतेची म्हणून आरंभी आमच्यापैकी काहींनी नाके मुरडली होती. परंतु उन्हातान्हात जाळे घेऊन कुत्र्यामागे धावणारे बहुतेक तरुण येथलेच आहेत, हे पाहिल्यावर तो आक्षेप मी कधीच सोडून दिला.

त्यांची पद्धत वर्णन करण्याजोगी आहे. एखाद्या वाड्यावर पथक पहाटे येते. पाळलेल्या कुत्र्यांना घरोघरी जाऊन लस दिली जाते, तर मोकाट कुत्र्यांना मोठ्या जाळ्यात धरून, टोचून तेथेच सोडले जाते. टोचलेल्या कुत्र्याच्या अंगावर रंगाचा पट्टा ओढतात, म्हणजे दुपारी फेरी मारणाऱ्याला किती कुत्री सुटली ते नुसत्या नजरेने मोजता येते. प्रत्येक लसीची नोंद स्थळासह मोबाइलवर होते आणि कोणता वाडा राहिला हे नकाशावरच दिसते. लक्ष्य असते 70 टक्क्यांचे. एवढी कुत्री सुरक्षित झाली की रोगाची साखळी तुटते. पण ही मोहीम दरवर्षी करावी लागते, कारण कुत्र्यांचे आयुष्य अल्प असते आणि नव्या पिल्लांना कालची लस उपयोगी पडत नाही. सारी कुत्री मारून टाका म्हणणाऱ्यांनाही उत्तर येथेच मिळते: मारलेल्या कुत्र्याची जागा लवकरच दुसरा, न टोचलेला कुत्रा घेतो, आणि टोचलेली कुत्री मारली तर आपण आपलेच कवच फाडतो.

या कामाचे फलित 2022 मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. 2013 ते 2019 या काळात कार्यक्रम वाढत जाऊन वर्षाला 95 हजारांहून अधिक कुत्र्यांना लस आणि दीड लाख मुलांना शिक्षण, इतका विस्तारला. त्या काळाअखेरीस माणसांतील रेबीजचे उच्चाटन झाल्याची आणि कुत्र्यांतील दरमहा रुग्णसंख्या 92 टक्क्यांनी घटल्याची नोंद लेखकांनी केली. 2021 मध्ये गोवा हे देशातील पहिले रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून घोषित झाले. देशात या रोगाने दरवर्षी हजारो माणसे मरत असताना 3702 चौरस किलोमीटरच्या या चिमुकल्या राज्याने हे करून दाखविले. लहान राज्य असल्यामुळे सोपे गेले, असे कोणी म्हणेल. गेले असेलही. पण लहान राज्ये आणखीही आहेत.

यात आपल्यासारख्यांनी काय केले, हा प्रश्न मी स्वतःला आणि सहव्यवसायी मित्रांना विचारतो. कुत्री पकडणे आपल्याला जमणार नाही, आणि पन्नाशीनंतर त्या भानगडीत पडूही नये. मात्र कुत्री पकडणाऱ्या मुलामुलींना चाव्याआधीची प्रतिबंधक लस द्यावी लागते, ती आपण आपल्या दवाखान्यात विनामूल्य देऊ शकतो. मी ती देतो. त्यात माझी होणारी झीज एका सायंकाळच्या फीइतकीही नसते. दुसरे काम याहून सोपे आणि म्हणूनच दुर्लक्षित आहे. चावलेले मूल आले की आपण मुलाची नोंद करतो, कुत्र्याची करत नाही. कुत्रा कोणत्या वाड्यावरचा, पाळलेला की मोकाट, वागणे विचित्र होते का, एवढे विचारून पथकाला दूरध्वनी केला तर ते येऊन कुत्रा तपासतात, आणि त्याच कुत्र्याने आणखी कोणाला चावले असेल तर ती माणसेही सापडतात. तीन मिनिटांच्या त्या दूरध्वनीने न पाहिलेली दोन मुले वाचू शकतात.

तिसरे काम शाळेचे. संस्थेचे शिक्षक शाळाशाळांतून कुत्र्याजवळ कसे वागावे ते शिकवितात: धावू नये, डोळ्याला डोळा भिडवू नये, झाडासारखे स्तब्ध उभे राहावे, चावल्यास साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि घरी सांगावे. यातील शेवटच्या दोन शब्दांवर मी सर्वांत अधिक भर देतो. डॉक्टर स्वतः शाळेत येऊन ‘घरी सांगा, कोणी रागावणार नाही’ म्हणतो तेव्हा मुले ते लक्षात ठेवतात; पालकसभेत हेच आईवडिलांनाही सांगावे लागते, कारण ते वचन पाळायचे त्यांना असते. एका शाळेत असे व्याख्यान संपल्यावर चौथीतील एका मुलीने हळूच पोटरी दाखविली. चावा चार दिवसांपूर्वीचा होता. त्याच सायंकाळी तिची लस सुरू झाली. तो कुत्रा पिसाळलेला होता की नव्हता हे मला कधीच कळले नाही, आणि कळण्याची गरजही उरली नाही.

आता पैशाविषयी. देणगी देताना आपण डॉक्टर मंडळी एक विचित्र अट घालतो: पैसा ‘प्रत्यक्ष कामाला’ जावा, पगाराला नव्हे. अहो, लस टोचणाऱ्याचा पगार हेच तर प्रत्यक्ष काम! 2020 च्या परदेशी देणगी कायद्यातील दुरुस्तीने परकीय निधीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आणली आणि एका संस्थेने दुसरीला असा निधी पुढे देण्यास बंदी केली. त्यामागील हेतूंची चर्चा येथे नको. परंतु परिणाम असा की लहान संस्थांना हिशेबनीस, वाहनचालक, भाडे यांसाठी स्थानिक देणगीदाराचाच आधार उरतो. जयंतीपुण्यतिथीला एकरकमी दहा हजार देऊन छायाचित्र काढून घेण्यापेक्षा दरमहा पाचशे रुपये निमूटपणे देणारा दाता संस्थेला अधिक उपयोगी पडतो, असे मला त्यांचे वहीखाते पाहणाऱ्या एका गृहस्थांनी सांगितले. मुदत संपत आलेली नमुना औषधे पिशवी भरून संस्थेच्या दारात ठेवण्याची आपल्यातील रीत तर बंदच व्हावयास हवी.

सेवाभावी म्हटले की डोळे मिटून विश्वास ठेवावा असे मात्र मी म्हणणार नाही, आणि गोव्यात राहणाऱ्या बालरोगतज्ज्ञाला तसे म्हणताही येणार नाही. मडगावात निराधार मुलांसाठी ‘गुरुकुल’ नावाचे आश्रयस्थान चालविणारा फ्रेडी पीट्स 1991 मध्ये पकडला गेला, आणि 1996 मध्ये मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल त्याला जन्मठेप झाली. तोवर लोकांच्या लेखी तो परोपकारीच होता. पुढे 2003 मध्ये गोवा बालक कायदा आला. हंगामात हरमलच्या किनाऱ्यावर फेरीवाल्यांची मुले दिसली की पंधरा दिवस ‘शिकवायला’ तयार असलेले हौशी स्वयंसेवक भेटतात. बहुतेक सद्भावनेने येतात. तरीही कोणाच्या ओळखीने, कोणाच्या देखरेखीखाली, मुलांची छायाचित्रे कोठे जातात, हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. जी संस्था असे प्रश्न स्वतः आधी विचारते आणि मला मुलांसोबत एकटे सोडत नाही, तिच्यावर माझा अधिक विश्वास बसतो. पंधरा दिवसांत लळा लावून निघून जाणाऱ्याने त्या मुलांचे काही भले होते, असेही मला वाटत नाही.

गोव्यातच 1996 मध्ये स्थापन झालेल्या ‘संगथ’चा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. नैराश्याच्या रुग्णांना प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांनी आधार दिल्यास काय होते, याचा त्यांनी गोव्यातील दवाखान्यांत केलेला अभ्यास 2010 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. सरकारी प्राथमिक केंद्रांत रुग्ण अधिक बरे झाले, खासगी डॉक्टरांकडे मात्र फरक पडला नाही. खासगी डॉक्टर आधीपासूनच रुग्णाशी नीट बोलतात असा याचा अर्थ आम्ही आपल्या सोयीने लावतो. समुपदेशक ही पदवीधरांची मिरासदारी नाही, हे मात्र त्यानंतर मला मान्य करावे लागले.

पुन्हा कुत्र्यांकडे येतो, कारण काम संपलेले नाही. 28 सप्टेंबर हा पाश्चर यांचा स्मृतिदिन जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो, आणि 2021 मध्ये त्याच दिवशी केंद्र सरकारने 2030 पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपविण्याचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. आपला तालुका सीमेवरचा. किरणपाणीचा पूल ओलांडला की आरोंदा, म्हणजे महाराष्ट्र. पूल ओलांडताना कुत्र्याला कोणी परवाना विचारत नाही. आपल्या बाजूच्या 70 टक्क्यांना पलीकडून सतत छिद्रे पडत राहिली तर दरवर्षीची मेहनत नुसती टिकवण्यातच जाईल. म्हणून आपल्या संघटनेने सावंतवाडी आणि दोडामार्ग भागातील सहव्यवसायींशी चाव्यांच्या नोंदींची देवाणघेवाण सुरू करावी, अशी सूचना मी कार्यकारिणीपुढे ठेवली आहे. मोठा खर्च नाही: प्रत्येक दवाखान्यात एक वही, साबण ठेवलेला एक नळ आणि भिंतीवर पथकाचा दूरध्वनी क्रमांक. ज्या सभासदांना सीमेपलीकडील डॉक्टरांशी ओळख आहे, त्यांनी आपली नावे सचिवांकडे द्यावीत. पावसाळा संपून शॅक उभे राहण्यापूर्वी पहिली बैठक घेण्याचा विचार आहे.