सातशे रुपयांचा उतारा आणि न सरणारा संशय

शुक्रवार, दि. १२ मे २०१७. भारतीय वेळेनुसार रात्री साडेआठच्या सुमारास इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील एका बावीस वर्षांच्या तरुणाने इंटरनेटवरील एक निरर्थक नाव १० डॉलर ६९ सेंट भरून नोंदवले. त्या वेळच्या दराने ही रक्कम सातशे रुपयांच्या आतलीच. त्यानंतर थोड्याच वेळात 'वॉनाक्राय' या खंडणीखोर व्हायरसची दीडशे देशांत पसरत चाललेली साथ ओसरू लागली. मोठमोठ्या सरकारांना आणि कंपन्यांना जे जमले नाही ते सातशे रुपयांत कसे साधले, हा प्रश्न तेव्हा अनेकांच्या मनात आला आणि त्यातूनच संशयाला पाय फुटले.

हा संशय निरनिराळ्या रूपांत प्रकटला. ज्याने आग विझवली त्यानेच ती लावली असावी, हे त्याचे सर्वांत सोपे रूप. जुन्या संगणकप्रणाली टाकून लोकांनी नव्या घ्याव्यात म्हणून हा बनाव रचला, अँटिव्हायरस कंपन्यांनी आपला माल खपवण्यासाठी तो घडवून आणला, अशीही कुजबुज होती. अमेरिकी गुप्तहेरांचे नाव तर पहिल्या दिवसापासूनच घेतले जात होते, आणि यातला शेवटचा संशय अगदीच निराधार नव्हता.

मुळात घडले काय, हे आधी पाहायला हवे. विंडोज संगणकांनी एकमेकांच्या फायली पाहण्यासाठी वापरण्याची एक जुनी पद्धत आहे. तिच्यातील एक दोष अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला, म्हणजे 'एनएसए'ला, ठाऊक होता. तो मायक्रोसॉफ्टला कळवून दुरुस्त करवण्याऐवजी संस्थेने त्याचे हत्यार बनवून स्वतःपाशी ठेवले. 'इटर्नलब्लू' हे त्या हत्याराचे नाव. पुढे ते चोरीला गेले आणि 'शॅडो ब्रोकर्स' म्हणवणाऱ्या टोळीने १४ एप्रिल २०१७ रोजी ते इंटरनेटवर उघड्यावर टाकले. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती त्याच्या बरोबर महिनाभर आधी, १४ मार्चला, प्रसिद्ध केली होती. पण दुरुस्ती प्रसिद्ध होणे आणि ती प्रत्येक कार्यालयातील प्रत्येक संगणकावर चढणे यांत केवढे अंतर असते, हे कोणत्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

वॉनाक्राय याच फटीतून घुसला. पूर्वीच्या बहुतेक खंडणीखोर व्हायरसना कोणीतरी फसवी ई-मेल उघडावी लागे. याला तशी गरज नव्हती. एका संगणकात शिरला की तो आपणहून शेजारचे आणि दूरचे संगणक धुंडाळी. फायली कुलूपबंद करून पडद्यावर ३०० डॉलरची मागणी झळके, मुदत टळली की ती ६०० डॉलर होई, आणि पैसे बिटकॉइनमध्येच हवे असत. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला याचा सर्वांत मोठा फटका बसला. तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालानुसार इंग्लंडमधील २३६ पैकी किमान ८१ रुग्णालय-संस्थांच्या कामात व्यत्यय आला आणि रुग्णांच्या सुमारे १९ हजार भेटी रद्द झाल्याचा अंदाज आहे.

वर्ध्याच्या वाचकाने हे आकडे दूरदेशीचे म्हणून सोडून देऊ नयेत. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात विदर्भाच्या आणि सीमेपलीकडील तेलंगणाच्या गावांतूनही रुग्ण येतात. तेथे रुग्णनोंदी संगणकावर आल्या त्यालाही बरीच वर्षे लोटली. जिल्ह्यातील सातबारा उतारे, पतसंस्थांची खाती, बाजार समित्यांचे व्यवहार, सारे हळूहळू संगणकावर गेले आहे. ते एका सकाळी उघडेनासे झाले तर व्यापारी असो की हिंगणघाटचा कापूस उत्पादक, कोणाचेच काम चालायचे नाही.

आता साथ थांबली कशी ते पाहू. वॉनाक्रायच्या आज्ञावलीत एक विचित्र पायरी होती. नवा संगणक ताब्यात घेताच, फायलींना हात लावण्याआधी, तो इंटरनेटवरील एका पत्त्याला हाक मारी. चाळीसेक अक्षरांचे ते नाव म्हणजे कोणीतरी टंकफलकावर बोटे आपटल्यासारखे होते. ते कोणी नोंदवलेलेच नसल्याने उत्तर येत नसे. उत्तर नाही म्हटल्यावर व्हायरस पुढच्या उद्योगाला लागे. उत्तर आले तर मात्र तो निमूटपणे तेथेच थांबे. मार्कस हचिन्स या तरुणाने ते नाव नोंदवले, पत्त्यावरून उत्तर जाऊ लागले आणि नव्याने लागण झालेल्या संगणकांत व्हायरस निद्रिस्त होऊ लागला. इंग्रजीत याला 'किल स्विच' म्हणतात. यंत्र बंद पाडणारी आपत्कालीन कळ म्हटले तरी चालेल.

साहजिकच पुढचा प्रश्न असा, की आपल्याच हत्यारात त्याला बंद पाडणारी कळ कोण बसवील? चोराने कुलपाबरोबर किल्लीही दारातच ठेवावी तसे हे झाले. याचे अनेक तज्ज्ञांना पटलेले एक उत्तर आहे. व्हायरसचा अभ्यास करणारे लोक त्याला एका बंदिस्त बनावट संगणकात सोडतात. तेथे व्हायरसने कोणताही पत्ता विचारला तरी 'हो, आहे' असे खोटे उत्तर मिळते, म्हणजे तो मोकळेपणाने वागतो आणि त्याचे गुण कळतात. हुशार व्हायरस म्हणूनच मुद्दाम अस्तित्वात नसलेला पत्ता विचारतो. उत्तर आले की तो ओळखतो, आपण प्रयोगशाळेत आहोत, आणि गप्प बसतो. वॉनाक्रायच्या कर्त्यांनी हीच युक्ती योजली असेल तर त्यांची चूक एवढीच की दर वेळी नवे नाव बनवण्याऐवजी त्यांनी एकच कायमचे नाव ठेवले. ते कोणीतरी खरोखर नोंदवताच साऱ्या जगाची प्रयोगशाळा झाली.

हचिन्सला हे नाव सापडले यातही गूढ काही नव्हते. ते आज्ञावलीत उघड लिहिलेले होते. व्हायरस ज्या बेवारस पत्त्यांना हाका मारतात ते नोंदवायचे आणि तेथे येणाऱ्या हाका मोजून साथीचा विस्तार जोखायचा, हे त्याचे रोजचेच काम होते. नोंदणीचा परिणाम काय होईल हे त्याला तेव्हा ठाऊक नव्हते, असे त्याने नंतर स्वतःच लिहिले. एवढेच नव्हे, तर त्या संध्याकाळी त्याच्या एका सहकाऱ्याने, नाव नोंदवल्यामुळेच व्हायरस चेतला आणि लोकांच्या फायली गेल्या, अशी चुकीची वार्ता दिली आणि त्याची पाचावर धारण बसली. अमेरिकेतील डॅरियन हस या संशोधकाने त्याच वेळी स्वतंत्रपणे तपासणी करून खरा परिणाम उलटा आहे हे दाखवले. दोन दिवसांनी वेगळ्या नावाची कळ असलेला दुसरा प्रकार आला, तेव्हा ते नाव मॅट सुईश या दुसऱ्याच तज्ज्ञाने नोंदवले. म्हणजे ही किमया एकट्या हचिन्सच्या हातातली नव्हती.

एवढ्याने प्रकरण मिटायला हवे होते. पण २ ऑगस्ट २०१७ रोजी हचिन्सला लास वेगासच्या विमानतळावर अमेरिकी तपासयंत्रणेने अटक केली. आणि त्याच सुमारास, काही तासांच्या अंतराने, वॉनाक्रायच्या खंडणीचे पैसे जमा झालेली तिन्ही बिटकॉइन खाती रिकामी झाली. सुमारे १ लाख ४० हजार डॉलर अज्ञात हातांनी काढून घेतले. महिनोन्महिने न हललेला पैसा नेमका त्याच रात्री हलावा, याहून संशयाला खतपाणी कोणते? कोणी म्हणाले, चोर सापडला. कोणी उलट म्हणाले, ज्याने जगाला वाचवले त्यालाच अमेरिका अडकवते आहे.

दोन्ही तर्क चुकले. अटक वॉनाक्रायसाठी नव्हतीच. 'क्रोनोस' नावाच्या, बँक खात्यांची गुप्त माहिती चोरणाऱ्या निराळ्या आज्ञावलीच्या निर्मितीत काही वर्षांपूर्वी हात असल्याचा त्याच्यावर आरोप होता, आणि तो खरा होता. एप्रिल २०१९ मध्ये त्याने दोन आरोप कबूल केले. २६ जुलै २०१९ रोजी न्यायाधीश जे. पी. स्टॅटम्युलर यांनी, कोठडीत काढलेले दिवस हीच शिक्षा मानून आणि वर्षभराची देखरेख ठेवून, त्याला मोकळे केले. तेव्हा हचिन्स निष्कलंक नायकही नव्हता आणि वॉनाक्रायचा खलनायकही नव्हता. लोकांना मात्र यांपैकी एकच चेहरा हवा असतो. अमेरिका आणि ब्रिटनने डिसेंबर २०१७ मध्ये वॉनाक्रायसाठी उत्तर कोरियाला जबाबदार धरले. सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेने पार्क जिन ह्योक या उत्तर कोरियाच्या नागरिकाविरुद्ध आरोपही जाहीर केले. उत्तर कोरियाने ते नाकारले. सरकारांच्या शब्दावर किती विश्वास ठेवावा हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न. पण वॉनाक्रायच्या सुरुवातीच्या प्रकारातील काही आज्ञा त्या देशाशी जोडल्या गेलेल्या 'लॅझरस' टोळीच्या जुन्या आज्ञांशी जुळतात, हे गूगलच्या नील मेहता या संशोधकाने साथीनंतर तीनच दिवसांत, कोणत्याही सरकारच्या आधी, दाखवून दिले होते.

भारतात संशयाने वेगळे वळण घेतले. पुण्याच्या क्विक हील कंपनीने हल्ल्याचे ४८ हजार प्रयत्न आढळल्याचे सांगितले, तर केंद्र सरकार म्हणाले की देशाला मोठी झळ पोहोचलेली नाही, तुरळक घटना आहेत. सरकार काहीतरी लपवते आहे, असा निष्कर्ष निघाला. एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार, अशा अफवाही मोबाइलवरून फिरल्या. वास्तविक दोन आकडे दोन निराळ्या गोष्टी मोजत होते. दाराशी आलेल्या चोराची थाप आणि घरात झालेली चोरी यांत फरक असतो. आंध्र प्रदेशातील काही पोलीस कार्यालये, केरळमधील काही ग्रामपंचायती आणि पश्चिम बंगालमधील वीज कार्यालये यांना लागण झाली, हे उघडच होते. ती याहून फार पसरली नाही यामागे एक अगदी घरगुती कारणही असावे. व्हायरस शुक्रवारी दुपारी सुटला आणि कळ त्याच रात्री दाबली गेली. दुसरा दिवस महिन्याचा दुसरा शनिवार होता, बँका आणि सरकारी कचेऱ्यांच्या सुट्टीचा. सोमवारी संगणक सुरू झाले तेव्हा त्या निरर्थक पत्त्यावरून उत्तर देणारा जागा होता. बंद संगणकाला लागण होत नाही, ही गोष्ट इतकी साधी आहे की ती कोणाला सुचत नाही.

संशयाची खरी किंमत मात्र निराळ्याच ठिकाणी मोजावी लागली. व्हायरस ज्या पत्त्याला हाक मारतो तो पत्ता घातकच असणार, असे गृहीत धरून काही ठिकाणी तो अडवला गेला. म्हणजे औषधाचीच वाट बंद केली. उत्तर न मिळालेला व्हायरस तेथे फायली कुलूपबंद करीत सुटला. तो पत्ता अडवू नका, असे ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राला आवर्जून सांगावे लागले. प्रॉक्सी सर्व्हरमागे असलेल्या कार्यालयांनाही या कळेचा उपयोग नव्हता, कारण व्हायरसची हाक प्रॉक्सीतून बाहेर पडतच नसे. दरम्यान हजारो वेठीला धरलेल्या उपकरणांमार्फत त्या पत्त्यावर खोट्या हाकांचा मारा करून तो कोलमडवण्याचे प्रयत्नही झाले. ते फसले, हे नशीब.

ज्या संशयात तथ्य होते तो मात्र या गदारोळात मागे पडला. मायक्रोसॉफ्टचे ब्रॅड स्मिथ यांनी दोनच दिवसांत एनएसएवर उघड ठपका ठेवला होता. मायक्रोसॉफ्टने नव्या संगणकप्रणाली खपवण्यासाठी हे केले या तर्कात मात्र दम नाही. कंपनीने निवृत्त केलेल्या विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती फुकट दिली, आणि कॅस्परस्कीच्या पाहणीत बाधित संगणकांपैकी सुमारे ९८ टक्के विंडोज सेव्हनचे निघाले.

अशी कळ दर वेळी सापडत नाही. २७ जून २०१७ रोजी, सात आठवड्यांच्या आतच, त्याच फटीचा वापर करणारा 'नॉटपेट्या' आला. त्याला इंटरनेटवरून दाबता येईल अशी कळच नव्हती. न्हाव्हाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले आणि कंटेनर खोळंबले. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळावर खंडणीखोर हल्ला झाला. त्याच्या ऑनलाइन सेवा थांबल्या तेव्हा देवळी आणि हिंगणघाटच्या औद्योगिक वसाहतींतील उद्योजकांनाही हा विषय परका राहिला नाही. ५०० कोटींच्या खंडणीची बातमी सर्वत्र झळकली. खंडणीच्या चिठ्ठीत रक्कम थेट नमूद नव्हती, असे महामंडळाने सांगितले. यांतले काय खरे मानावे याचा निवाडा करायला वॉनाक्रायच्या वेळेसारखी उघड्यावर पडलेली, कोणालाही वाचता येणारी आज्ञावली येथे नागरिकांपुढे नव्हती.

हचिन्स ज्या क्रिप्टॉस लॉजिक कंपनीत काम करीत होता तिने डिसेंबर २०१८ मध्ये त्या पत्त्यावर येणाऱ्या हाका पुन्हा मोजल्या. एका आठवड्यात १९४ देशांतील ६ लाख ३० हजारांहून अधिक ठिकाणांहून १ कोटी ७० लाख हाका आल्या होत्या. सर्वाधिक हाका येणाऱ्या देशांत भारत होता. हे सारे संगणक वॉनाक्राय पोटात घेऊन नेहमीसारखे चालत होते, आणि त्यांतील फायली शाबूत होत्या त्या पलीकडून उत्तर येत होते म्हणून.