पोळे काढायचे, पण कोणाच्या हातून?

घराला लागून दुकान आणि दुकानामागे गोदाम, अशीच आपल्यापैकी पुष्कळांची वस्ती आहे. अशा इमारतीत मधमाश्यांनी पोळे धरले की घरात दोन मते पडतात. कोणी म्हणतो बरकत आहे, राहू द्या. कोणी म्हणतो टेंभा लावा आणि मोकळे व्हा. आम्हाला दोन्ही पटत नाहीत. जाणकार माणूस बोलवावा आणि त्याची रास्त मजुरी द्यावी, असे आमचे म्हणणे आहे.

आधी माशी ओळखावी. छज्जाखाली किंवा पाण्याच्या टाकीखाली उघड्यावर एकच मोठे पोळे लोंबत असेल, तर ते आग्या मोहोळ. ही माशी पेटीत पाळता येत नाही, चिडली तर दूरवर पाठलाग करते आणि हंगामाला पुष्कळदा त्याच जागी परत येते. भिंतीच्या पोकळीत, अंधारात, एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते ती सातेरी. तिला राणीसकट लाकडी पेटीत हलवता येते. ती मारणे म्हणजे चालता माल उकिरड्यावर टाकणे. पोळे नसलेला नुसता माश्यांचा घोस फांदीला लटकलेला दिसला, तर तो बहुधा मुक्कामाला थांबलेला असतो, एक-दोन दिवसांत आपणहून उठतो. त्यासाठी पैसा खर्चू नये.

टेंभ्याबद्दल काय सांगावे! सुताच्या आणि कापडाच्या गाठी शेजारी असताना जाळ करणाऱ्याला आम्ही तरी दारात उभे करणार नाही. विषारी फवाऱ्याने माश्या मरतात, पण भिंतीतले पोळे तसेच राहते. आतल्या अळ्या कुजतात, मुंग्या लागतात, उन्हाने मेण मऊ पडून मध पाझरतो. खाली ताके रचलेले असतील तर नुकसानीचा हिशेब वाचकांनीच करावा. आणि फवारलेल्या पोळ्यातला मध खाऊ नये. तो विकणे तर हरामाची कमाई होय.

कारीगराशी बोलणी दोघांदेखत करावी. अंगावर जाळी, हातमोजे आहेत का? उंचीवर दोर आणि पट्टा लावणार का? मेणाचा थर खरवडून काढणार का? त्या वासाने नवे माश्यांचे घर पुन्हा तिथेच येते. भेग सिमेंटने कोण बुजवणार? मध आणि मेण कोणाचे? हे आधी ठरले नाही तर शेवटी तंटा मजुरीवर येतो.

पुण्यात 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरला राज्य खादी ग्रामोद्योग मंडळाचे मधसंचालनालय आहे. पेटीतल्या माश्यांची विद्या तिथून मिळते. आपल्या मोहल्ल्यातल्या बेकार मुलांनी तिकडे चौकशी करावी. भांडवल थोडे, पण हुन्नर पाहिजे.

कामाच्या वेळी शेजाऱ्यांना कळवावे, लहान मुले आणि जनावरे दूर ठेवावीत. माशी चावली तर नांगी ताबडतोब काढून तिथून हटावे, कारण त्या वासाने इतर माश्या धावतात. बंद खोली गाठावी. दम लागला, ओठ-घसा सुजला, चक्कर आली, तर घरगुती इलाज न करता थेट इस्पितळ.

पोळे निघाल्यावरही चाऱ्याला गेलेल्या माश्या दोन-चार दिवस जुन्या जागी घोंगावतात. तेवढे दिवस त्या बाजूची खिडकी बंद ठेवावी.