वारा, पाणी आणि उरुग्वेची वीज : काही गैरसमज

दक्षिण अमेरिकेत ब्राझील आणि अर्जेंटिना या दोन अवाढव्य शेजाऱ्यांच्या मध्ये वसलेल्या, जेमतेम 35 लाख लोकसंख्येच्या उरुग्वेत कोळशाची खाण नाही, तेलाची विहीर नाही आणि नैसर्गिक वायूही निघत नाही. तरीही गेल्या दशकातील बहुतेक वर्षांत तेथील 90 टक्क्यांहून अधिक वीज पाणी, वारा, ऊन आणि कागद-लगद्याच्या कारखान्यांतील जैवभार, म्हणजे लाकडाचे ज्वलनशील अवशेष, यांपासून तयार झाली आहे. इंधन आयात करणाऱ्या देशांपुढे हे उदाहरण वारंवार ठेवले जाते आणि ते ठेवण्याजोगे आहेही. मात्र सांगता सांगता त्याला दंतकथेचे रूप आले असून मूळ घटनेतील सर्वांत शिकण्यासारखा भाग त्यात झाकला गेला आहे.

पहिला गैरसमज आरंभाविषयीचा आहे. हा देश तेल जाळून वीज करीत होता आणि दहा वर्षांत पवनचक्क्यांकडे वळला, असे मानले जाते. वस्तुतः रिओ नेग्रो नदीवरील रिंकोन देल बोनेते हे जलविद्युत केंद्र 1945 पासून चालू आहे, आणि उरुग्वे नदीवर अर्जेंटिनाच्या भागीदारीत उभारलेला साल्तो ग्रांदे हा 1890 मेगावॉटचा, म्हणजे स्थापित क्षमतेने महाराष्ट्रातील कोयनेच्या जवळपास जाणारा प्रकल्प 1979 पासून वीज देऊ लागला. त्यातील निम्मी वीज उरुग्वेच्या वाट्याची. त्यामुळे चांगल्या पावसाच्या वर्षी बहुतांश वीज पाण्यापासूनच मिळत असे. संकट येई ते कोरड्या वर्षी, जेव्हा धरणांतील तूट भरून काढण्यासाठी बाहेरून तेल आणावे लागे किंवा शेजाऱ्यांकडून वीज घ्यावी लागे. 2004 मध्ये अर्जेंटिनालाच नैसर्गिक वायूचा तुटवडा भासू लागल्यावर हा दुसरा आधार डळमळला, आणि त्याच दशकात दुष्काळी वर्षे व चढे तेलदर एकत्र आल्याने ‘ऊते’ या 1912 मध्ये स्थापन झालेल्या सरकारी वीज कंपनीचा इंधनखर्च भडकला. उरुग्वेला नवा स्रोत हवा होता तो कोळशाची जागा घेण्यासाठी नव्हे, तर पावसाच्या लहरीपासून वाचण्यासाठी. आणि मोठ्या धरणांसाठी नवी जागा उरलेली नव्हती, शिवाय अणुवीजनिर्मितीला 1997 च्या कायद्याने बंदी होती.

वारा बेभरवशाचा असल्यामुळे प्रत्येक पवनचक्कीमागे तेवढ्याच क्षमतेचे तेल-केंद्र किंवा बॅटऱ्यांचा डोंगर लागतो, हा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण त्यात सत्याचा अंश आहे. वारा तासागणिक बदलतो हे खरे. परंतु वर्षभराची बेरीज पाहिली तर वाऱ्यापासून मिळणारी वीज पावसाच्या तुलनेत कितीतरी स्थिर असते, तर जलविद्युत केंद्र क्षणात चालू-बंद करता येत असले तरी एका वर्षी तुडुंब आणि दुसऱ्या वर्षी रिकामे असू शकते. दोघांचे दोष असे भिन्न काळमापांवरचे असल्यामुळे एकाचा दोष दुसरा झाकतो : वारा वाहत असताना धरणाची जनित्रे थांबवून पाणी राखले जाते आणि वारा पडला की ते सोडले जाते. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा लागतो. साल्तो ग्रांदेचा जलाशय विस्ताराने मोठा असला तरी नदीचा प्रवाहच इतका प्रचंड आहे की त्यात पाणी काही दिवसांपुरतेच रोखून धरता येते. महिनोन्‌महिने साठवण शक्य होते ती बोनेतेच्या जलाशयात. म्हणून उरुग्वेत कोणते केंद्र केव्हा चालवायचे हे ठरवताना साठलेल्या पाण्यालाही किंमत लावली जाते : आज हे पाणी वापरले तर पुढे केव्हातरी किती महागडे इंधन जाळावे लागेल, याचा अंदाज म्हणजे त्या पाण्याचे मूल्य. पाणी फुकटचे मानले असते, तर पवनचक्क्या उभारूनही दुष्काळात धरणे रिकामीच सापडली असती.

औष्णिक केंद्रे मात्र मोडीत निघाली नाहीत. सुमारे 1500 मेगावॉटची पवनक्षमता उभी राहिली त्याच दशकात मोंटेव्हिडिओच्या पश्चिमेला पुंता देल तिग्रे येथे वायू किंवा डिझेलवर चालणारे पाचशेहून अधिक मेगावॉटचे नवे केंद्रही बांधले गेले. ते बरेचदा बंद असते, आणि त्याची उपयुक्तता कोरड्या वर्षीचा राखीव आधार म्हणूनच मोजली पाहिजे.

हे सारे सरकारी अनुदानावर उभे राहिले, असाही समज आहे. 2008 मध्ये मंजूर झालेल्या ऊर्जा धोरणाला 2010 मध्ये संसदेतील सर्व प्रमुख पक्षांनी संमती दिली, आणि रामोन मेंडेस या भौतिकशास्त्रज्ञाच्या ऊर्जा संचालकपदाच्या काळात निविदा काढून खासगी कंपन्यांशी प्रामुख्याने 20 वर्षांचे करार झाले. उत्पादकाला दर ठरवून देणारे थेट अनुदान नव्हते. होती ती सरकारी कंपनीची दीर्घकाळ वीज विकत घेण्याची हमी. गुंतवणूकदाराला वाऱ्याची नव्हे तर धोरण पालटण्याची भीती अधिक असते, आणि 2020 मध्ये सत्तांतर होऊनही करार पाळले गेल्याने ती भीती अनाठायी ठरली. निविदांच्या पहिल्या फेरीपेक्षा दुसऱ्या फेरीत आलेले दर लक्षणीय कमी होते.

या हमीची दुसरी बाजू समजल्याशिवाय वीजबिलांविषयीचा गोंधळ दूर होत नाही. इंधन फुकट म्हणून वीज स्वस्त, हे गणित चुकीचे आहे, कारण पवनविजेचा जवळजवळ सारा खर्च सुरुवातीच्या भांडवलाचा असतो आणि तो वर्षानुवर्षे फेडावा लागतो. शिवाय मागणी नसताना पवनचक्क्या थांबवाव्या लागल्या, तरी न घेतलेल्या विजेचे पैसे ‘ऊते’ला कराराप्रमाणे द्यावेच लागतात. परिणामी उरुग्वेतील घरगुती वीज शेजाऱ्यांच्या तुलनेत स्वस्त म्हणता येत नाही. लाभ झाला तो खर्च स्थिर होण्याचा. दुष्काळी वर्षी अंदाजपत्रकाला पडणारे भगदाड लहान झाले.

वीज आयात करणे म्हणजे अपयश, हा समजही टिकत नाही. उरुग्वे आणि अर्जेंटिना यांची वीजजाळी एकाच वारंवारतेवर, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनांवर चालतात, तर ब्राझीलचे जाळे 60 वर. म्हणून ब्राझीलशी देवघेव करायला आधी वीज एकदिश करून पुन्हा प्रत्यावर्ती करणारी परिवर्तक केंद्रे लागतात. रिव्हेरा येथील जुने केंद्र 70 मेगावॉटचे होते, आणि मेलो येथील 500 मेगावॉटच्या केंद्रामुळे हा मार्ग खऱ्या अर्थाने रुंद झाला. 2021 मध्ये ब्राझीलमध्ये धरणे आटली तेव्हा उरुग्वेने तेथे मोठ्या प्रमाणावर वीज विकली; 2023 मध्ये स्वतःकडे इतका तीव्र दुष्काळ पडला की मोंटेव्हिडिओच्या नळांना खारट पाणी येऊ लागले, त्या वेळी जलविद्युत निर्मिती कोसळली, तेल-केंद्रे चालवावी लागली, शेजाऱ्यांकडून वीज घ्यावी लागली, परंतु पुरवठा थांबला नाही.

सर्वांत मोठा गैरसमज शब्दांच्या सरमिसळीतून निर्माण होतो आणि तो उरुग्वेपुरता मर्यादित नाही : ‘ऊर्जा’ म्हणजे ‘वीज’ असे धरून हा देश ऊर्जास्वावलंबी ठरवला जातो. वास्तविक अंतिम वापरात, म्हणजे वाहने, चुली, कारखाने अशा प्रत्यक्ष उपयोगाच्या ठिकाणी खर्च होणाऱ्या एकूण ऊर्जेत, विजेचा वाटा सुमारे एक पंचमांश आहे. मोटारी, ट्रक आणि ट्रॅक्टर अजून मुख्यतः पेट्रोल-डिझेलवर चालतात. त्यासाठीचे कच्चे तेल होसे इग्नासिओजवळच्या समुद्रात बोयाला लागलेल्या टँकरमधून उतरवले जाते आणि नळवाटे मोंटेव्हिडिओतील ला तेखा या सरकारी शुद्धीकरण कारखान्यात पोचते. या कारखान्याची क्षमता दिवसाला सुमारे 50 हजार पिंपे असून त्यातला प्रत्येक थेंब परदेशातून येतो. रात्रीच्या वाऱ्याची जी वीज न घेताच तिचे पैसे मोजावे लागतात, ती बस आणि टॅक्सींच्या बॅटऱ्यांत भरता आली तर या आयातीला कात्री लागेल. त्यामुळेच तेथील ऊर्जाचर्चेचा रोख आता पवनचक्क्यांपेक्षा वाहनांकडे अधिक आहे.